शहागडच्या वैद्यांचं स्टूल

द्वारकाबाई दुकानात शिरल्या त्या उलटं स्टूल कवटाळूनच. नमस्कार ना चमत्कार. स्टूल त्यांनी सरळ काउंटरवर आपटलं.

"कडूबाशेठ, हे काय आहे?"

पाय वर, बैठक खाली. द्वारकाबाईंनी ते सुलटं केलं आणि पिशवीतून त्याची गोल गादी काढून बाजूला ठेवली. गादीखालचा भाग प्लायवूडचा होता आणि त्यावर कंपनीचा निळा शिक्का होता.

"शंभर वर्षांचं जुनं म्हणून विकलंत. शंभर वर्षांपूर्वी प्लायवूडवर शिक्का मारत होते का?"

द्वारकाबाई भोकरदनच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गुडघे गेलेले, खाली बसवत नाही, म्हणून देवपूजेसाठी त्यांना गोल स्टूल हवं होतं. फेब्रुवारीत त्या जालन्यात दुकानं पालथी घालत होत्या. रेक्झिनची नवी गोल स्टुलं जागोजागी होती, पण त्यांच्या मनात आईकडे होतं तसं, जुन्या सागवानाचं. ते त्यांना कडूबा फर्निचर मार्टमध्ये मिळालं. शहागडच्या वैद्यांच्या घरातलं, रोगी ज्यावर बसून नाडी दाखवत ते स्टूल, असं सांगून कडूबानं दिलं होतं. आता एप्रिल चालू होता, साल अठ्ठ्याण्णव, आणि बाईंनी गादी उन्हात टाकायला म्हणून काढली होती.

 कडूबा कपाळावर हात मारून खाली बसला.

"बाई, मी स्वतः वैद्यांच्या घरी गेल्तो. स्टूल जागेवर बघितलं. पायांना शेणाच्या सारवणाची रेघ, जमिनीपासून चार बोटं. हात लावून बघितली. तीच तर खऱ्या जुन्या मालाची खूण हाये. हे बघा, भामट्यानं यालाबी तशीच रेघ मारली, पण प्लायवूड काढायचं विसरला!"

"कोण भामटा?"

"रशीद. दुसरं कोण? पॉलिशला म्हणून त्याच्या हातात दिल्तं. खरं विकून खाल्लं आन हे माझ्या गळ्यात मारलं."

रशीद म्हणजे दुकानाचा सुतार. अठरा वर्षं एकाच छपराखाली काम केलेला.

त्याच दुपारी कडूबानं रशीदला घरी पाठवलं. त्याची हत्यारं मात्र मागच्या खोलीत कुलपात ठेवून घेतली. सोमवारपर्यंत कबूल झाला तर ठीक, नाही तर पोलीस केस, असं साऱ्या बाजारादेखत सांगितलं. आणि मग त्यानं कांताबाईंना बोलावणं धाडलं.

कांताबाई जालन्यातच महिला हवालदार होत्या. कडूबा त्यांच्या गावचा. त्यांना सख्खा भाऊ नव्हता, वीस वर्षं त्या कडूबाला राखी बांधत होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात रात्रंदिवस दवाखान्यात बसला होता तो हाच. अशा माणसाचं काम म्हटल्यावर कांताबाई रजेच्या दिवशीही साधं लुगडं नेसून आल्या.

"ताई, तू घरचं माणूस. ठाण्यात लिहायच्या आधी तूच त्याच्याकडून वदवून घे. तुझ्या तोंडून ठरलं की बाजारात कुणी मान वर करणार न्हाई."

"बघते दादा. बिलकुल काळजी करू नको."

दुकानाच्या जुन्या मालाच्या कोपऱ्यात तसलीच आणखी दोन गोल स्टुलं होती. एक परतूरचं, एक भोकरदनकडचं, असं कडूबानं सांगितलं. कांताबाईंनी ती सहज उचलून पाहिली. दोन्हींच्या पायांना रेघ, चार बोटं. त्यांनी ठेवून दिली.

रशीदच्या दारात त्याची बायको अजीजुन्निसा उभी होती. आत या म्हणाली, पण तोंडावर हसू नव्हतं. रशीद भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, किडकिडीत, हाताच्या बोटांत पॉलिश मुरलेलं. कांताबाईंनी द्वारकाबाईंचं स्टूल त्याच्यापुढं ठेवलं.

"हे कुणी केलं?"

त्यानं एका पायावरून बोट फिरवलं. "माझ्या हातचं हाये."

इतक्या पटकन कबुली मिळेल असं कांताबाईंना वाटलं नव्हतं.

"कधी केलं?"

"दिवाळीच्या आधी. असली सहा केली."

"कशासाठी?"

"दुकानासाठी. नवी म्हणून. वैद्याच्या स्टुलाचं माप घेऊन केली. मापाला आठ दिवस व्हतं माझ्याकडं, मंग शेठला वापस दिलं."

"आणि ही सारवणाची रेघ?"

"मी साफ पॉलिश करून दिल्तं."

"मग रेघ कुणी मारली?"

रशीदनं ती रेघ नखानं खरवडून पाहिली.

"शेठ म्हणतात, खरं तू विकलं आणि हे तिथं ठेवलं."

रशीदनं मान वर केली. "शेठ म्हणतात?"

"हो."

"त्यांच्याच तोंडानं म्हणले?"

"माझ्यासमोर."

"मंग मी काय बोलू, बाई."

त्यानंतर तो खरंच काही बोलला नाही. कांताबाईंनी चार वेळा विचारलं, दरडावून विचारलं, गोडीनं विचारलं. रशीद जमिनीकडं बघत राहिला. शेवटी अजीजुन्निसाच फाडकन बोलली.

"रंधा न्हाई, पटाशी न्हाई, वाकस न्हाई. सारी हत्यारं तिकडं कुलपात. दुसऱ्या दुकानात गेले तर लोक चोर म्हणून हुसकावून राह्यले. सोमवारी तुम्ही बेड्या घालणार. अठरा सालाचं नाव एका दिवसात मातीत घातलं, अन् वरून विचारता का बोलत न्हाई?"

कांताबाई उठल्या. गप्प बसणारा माणूस गुन्हेगार असतो हे त्यांनी नोकरीत शंभरदा पाहिलं होतं. पण कबुली देऊन गप्प बसणारा त्यांनी पाहिला नव्हता. गडबड होती खरी, कुठं ते कळत नव्हतं.

परतताना त्या दुकानावर थांबल्या.

"दादा, नीट आठव. वैद्यांच्या घरीच रेघ होती? का इथं आणल्यावर दिसली?"

"घरीच की! वैद्यांच्या सुनेसमोर वाकून बघितली. मी काय आज धंदा करून राह्यलो? रेघ न्हाई तर जुनं न्हाई, हे मीच तर साऱ्या जालन्याला शिकवलं."

कडूबा हे छातीवर हात ठेवून म्हणाला. कांताबाईंना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या शहागडला गेल्या, म्हणजे कागदाला एक साक्षीदार जोडता येईल.

वैद्य वारून बरीच वर्षं झाली होती. घरात त्यांची सून गोजरबाई. ट्रकांची वर्दळ असलेल्या हमरस्त्यापासून घर जरा आत होतं. गोजरबाई पदर खोचून पडवी सारवत होती. हात कोपरापर्यंत शेणात.

"बसा बाई, एवढा हात घेते मारून. मंग बोलू."

कांताबाई उंबऱ्यावर टेकल्या. गोजरबाईनं वाटेतला पाट डाव्या हातानं उचलून ओट्यावर ठेवला, पाण्याची कळशी सरकवली, झाडू बाजूला केला आणि तिथली जमीन सारवली. कोपऱ्यात धान्याची लाकडी कोठी होती. कोठीच्या पायांभोवतीनं हात फिरवून ती पुढं गेली.

"स्टूल विकलं तुम्ही?"

"हाव. कडूबा आल्ता जालन्याचा. सासऱ्यांच्या माघारी कोण बसतं त्याच्यावर? घेऊन जा म्हणलं. निघताना तोंड वाकडं करून म्हणतो कसा, मावशी, तुमचं स्टूल जुनं वाटतच न्हाई."

"असं म्हणाला?"

"मला रागच आला. माझ्या लग्नाच्या आधीपासून या पडवीत व्हतं, अन् म्हणे जुनं न्हाई!"

 कांताबाई कोठीच्या पायांकडं बघत होत्या. मग ओट्यावरच्या पाटाकडं.  लहानपणी आईबरोबर त्यांनी स्वतः किती वेळा घर सारवलं होतं!

"मावशी, स्टूल कसं सारवायच्या तुम्ही?"

गोजरबाई हसली. "स्टूल कोण सारवतं, बाई?"

येताना एसटीत कांताबाईंनी खिडकीकडं तोंड केलं आणि जालन्यापर्यंत पदर डोळ्यांना लावला. आपलंच माणूस आपल्याला असं वापरून घेतं, हे त्यांना सहन होईना.

सोमवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. द्वारकाबाई खुर्चीवर, रशीद दाराशी, त्याच्यामागं अजीजुन्निसा. कांताबाई आज वर्दीत होत्या. कडूबानं चहा मागवला होता.

"कबूल झाला का ताई?"

"पहिल्याच दिवशी झाला. स्टूल मीच केलं म्हणाला."

"बघा! मी म्हणलं न्हाई?"

"दादा, तू आयुष्यात कधी घर सारवलंस?"

कडूबा चमकला. "मी? ते बायांचं काम."

"तेच तुझं चुकलं."

कांताबाईंनी द्वारकाबाईंचं स्टूल एका हातानं उचललं.

"किती वजन आहे याचं? सारवताना बाई हे जागेवर ठेवून भोवती हात फिरवत बसेल का? उचलून बाजूला ठेवते, सारवते, वाळल्यावर परत आणते. रेघ पडते ती जड वस्तूला. कोठीला, पलंगाला, जे हलत नाही त्याला. हलक्या स्टुलाला सारवणाची रेघ पडतच नाही. द्वारकाबाई, तुम्ही सांगा."

द्वारकाबाई स्टुलाकडं बघत राहिल्या. "अगं बाई! आईकडच्या स्टुलाला कुठं होती रेघ? ते उचलून ठेवणं माझंच काम होतं. आणि मी इथं रेघ बघून भुलले."

"तसंच साऱ्यांचं झालं. दादानं इतकं ठासून सांगितलं की बायकासुद्धा स्वतःच्या हातचं काम विसरल्या. मी पण."

कांताबाई कडूबाकडं वळल्या. त्यांचा आवाज चढला.

"तू द्वारकाबाईंना सांगितलंस, मलाही सांगितलंस. वैद्यांच्या घरी, जागेवर, हात लावून रेघ बघितली. खऱ्या स्टुलाला रेघ नव्हतीच, तर बघितली कशी? वैद्यांच्या सुनेला तर तू तोंड वाकडं करून म्हणालास, हे जुनं वाटत नाही. का वाटलं नाही? पाय साफ होते म्हणून. रशीदनं खरं स्टूल हाताळलं होतं, त्याला पाय साफ असतात हे ठाऊक होतं. बदलाबदली त्यानं केली असती तर साफ पायांचंच ठेवलं असतं. रेघेचं वेड या दुकानात एकालाच."

त्यांनी कोपऱ्यातल्या दोन स्टुलांच्या गाद्या ओढून काढल्या. खाली प्लायवूड, वर तोच निळा शिक्का.

"रशीदनं सहा नवी स्टुलं नवी म्हणून केली. तू त्यांचे पाय शेणकाल्यात बुडवून ठेवलेस. सगळ्यांची रेघ सारखी, चार बोटं. द्वारकाबाईंनी गादी काढली आणि तुझं बिंग फुटणार असं दिसल्यावर अठरा वर्षं तुझ्याकडं राबलेला माणूस पुढं ढकललास. खरं स्टूल कुठं आहे?"

कडूबाचा चहा तसाच राहिला होता. तो काउंटरवरची धूळ बोटानं पुसू लागला.

"विकलं," तो म्हणाला. "वर्षभर पडून व्हतं, ताई. जो तो म्हणायचा, पाय तर साफ हायेत, जुनं कशावरून? शेवटी वैतागून नव्यातच काढून टाकलं, नव्याच्या भावात. मंग वाटलं, खऱ्यावर कुणी इस्वास ठेवत न्हाई तर..." तो थांबला. "ताई, घरातली गोष्ट हाये. तू म्हणशील तर मिटवून टाकू."

"वीस वर्षं मी तुला राखी बांधली. तू मला खोटी साक्ष द्यायला बोलावलंस. तुझ्या तोंडून ठरलं की कुणी मान वर करणार नाही, म्हणालास. एका गरिबाला गजाआड टाकायला तुला माझी वर्दी हवी होती, दादा."

कडूबानं मागच्या खोलीची चावी काउंटरवर ठेवली.

कांताबाईंनी चावी घेऊन मागची खोली उघडली. रशीद आत गेला आणि एकेक हत्यार फडक्यात गुंडाळू लागला. कांताबाई दारात उभ्या राहिल्या.

"रशीदभाई, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना? शेठचं नाव का नाही घेतलं?"

रशीदनं गाठ मारली. बोलताना त्यानं कडूबाकडं पाहिलं नाही.

"चार दिवस मी घराचा दरवाजा उघडा ठेवून बसल्तो. वाटलं, शेठ येतील. एकदा येऊन म्हणले असते, रशीद, गलती झाली, सांभाळून घे, तर घेतलं असतं माझ्या नावावर. जेलात गेलो असतो." त्यानं गाठोडं खांद्यावर टाकलं. "ते आले न्हाईत. त्यांनी तुम्हाला धाडलं."

कडूबा "रशीद, रशीद" करत काउंटरमागून बाहेर आला, पण रशीद आणि अजीजुन्निसा तोवर रस्त्याला लागले होते. कांताबाईंनी द्वारकाबाईंकडून तक्रार लिहून घेतली, खाली सही घेतली आणि कडूबाला शटर ओढायला सांगितलं.