मारेगावची पट्टेरी कॅमेलिया

घनश्यामने खर्‍याची पिंक थेट कुंडीत टाकली. गुप्तहेर दीपमालाचा मदतनीस उकंडा दोन पावलं मागे सरला.

"पाहा मॅडम," घनश्याम म्हणाला, "लाल पाकळीवर पांढरे पट्टे! उद्या प्रदर्शनात माझ्या नावानं नवं वाण जाहीर होते. आन त्या नंदाबाईनं फांदी चोरून आपल्या लाल झाडावर कलम बांधलं. ही तक्रार लिहून ठेवली, पोलिसात देतो तिले."

कापूस मातीमोल झाला, त्याचं जिनिंग बंद पडलं. तेव्हापासून घनश्यामची सारी मिजास या कुंडीत उतरली होती.

"तुमचं झाड आलं कुठून?" दीपमालाने विचारलं.

"बी पेरलं. तीन वर्षं झाली."

वनस्पतिशास्त्राची पदवीधर असलेल्या दीपमालाने माती उकरली, बूड पाहिलं, माती सारखी केली.

चहा घेऊन आलेल्या घनश्यामच्या पत्नी इंदुताई म्हणाल्या, "तीन वर्षांमागं संक्रांतीच्या हळदीकुंकवाले नंदाबाईनंच फुलांची फांदी देल्ली होती. लय दिवस पाण्यात ताजी राह्यली."

घनश्यामने डोळे वटारले. त्या आत गेल्या.

नंदाबाईचं झाड पडवीच्या सावलीत होतं.

"वनखात्याच्या साहेबानं बदलीच्या वक्ती देल्लं. चीन-जपानातलं म्हणे. बोअरच्या पाण्यानं पिवळं पडते, म्हणून पावसाचं साठवून घालते. चार वर्षांमागं एकाच फांदीच्या फुलाईले पट्टे आले." ती दीपमालाकडे वळली. "पोलीस आले तर आश्रमशाळेतलं सैपाकाचं काम जाईन, ताई."

दीपमालाने पट्टेरी फांदी बुडापासून शेंड्यापर्यंत चाचपली. "उकंडा, तूही बघ."

"गुळगुळीत आहे. त्यात काय?"

"चल. नंदाबाई, तुम्हीही."

घनश्यामच्या ओसरीवर दीपमालाने त्याची कुंडी उपडी केली.

"बियाच्या रोपाला खाली सोटमूळ असतं. इथे तिरपं कापलेलं बूड आहे, भोवती तंतुमुळं. म्हणजे ही लावलेली फांदी. शिवाय बियाची कॅमेलिया तीन वर्षांत सहसा फुलत नाही. आणि कलम बांधलं की गाठ राहते. नंदाबाईच्या फांदीवर ती नाही. लाल झाडानेच आपणहून पट्टेरी फांदी काढली. तीच संक्रांतीला इथे आली, फुलदाणीत मुळं फुटली, तुम्ही ती कुंडीत लावली."

"मीच बोलावलं तुम्हाले!"

"खरं शोधायलाच ना?"

घनश्याम ओशाळं हसला. "नंदाबाई, जाऊ दे. दोघाईचं नाव टाकू."

दिलेल्या फांदीची चोरी करायची, वर देणारीलाच चोर ठरवायचं! उकंडाला किळस आली.

"तुमच्या नावाले माझं नाव खेटून? शी!" नंदाबाई म्हणाली. "तक्रार फाडा. माह्यासमोर."

त्याने फाडली. इंदुताईंनी नवर्‍याकडे न बघता प्रदर्शनाचा कोरा अर्ज आणून तिच्या पुढ्यात ठेवला. नंदाबाईने एकटीचं नाव लिहिलं.