पाच मित्रांना पाच चाकू

फोन आला तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक अर्पिता लोमटे चहा पीत होत्या. फोन येरमाळ्याच्या हायवेवरच्या एका मंगल कार्यालयातून होता आणि बोलणारा माणूस रडायच्या बेतात होता.

"मॅडम, लवकर या. नवरदेवाची गाडी फाडली कुणीतरी."

"गाडी फाडली?"

"सीटा, मॅडम. सगळ्याच्या सगळ्या सीटा."

कुणाचा जीव गेलेला नाही हे कळल्यावर बाईंनी उरलेला चहा पिऊन घेतला.

गाडी मंडपाच्या दारातच उभी होती. पांढरी, नवी कोरी, बॉनेटवर झेंडूचा हार. आत मात्र उकिरडा. काळं रेक्झिन सरळ रेषेत कापलेलं, आतला पिवळा स्पंज बाहेर लोंबत होता. मागच्या सीटखाली एक घडीचा चाकू पडला होता. मुठीवर नाव कोरलेलं होतं. सोमेश.

सोमेश हा नवरदेवाचा बालमित्र. आधी पोहोचलेल्या दोन हवालदारांनी त्याला खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. पोलीस भरतीत त्याची नुकतीच निवड झाली होती, चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली होती. आता एक गुन्हा नोंदवला गेला की अंगावर चढायच्या आधीच वर्दी उतरणार होती. नवरीचे वडील रामकिसन, लोहाऱ्याचे; गाडी त्यांनीच घेऊन दिलेली, म्हणून सोमेशच्या नावाने तक्रार लिहून तयारच होते.

"सगळ्यांची झडती घेतली?" बाईंनी विचारलं.

"एकूण एकाची, मॅडम. नवरदेवानं पाच मित्रांना पाच चाकू दिलेत. चार डबीत, एक गाडीत. बाकी साधं ब्लेडसुद्धा नाही कुणाकडं."

असली भेट देणारा नवरदेव कोण ते बाईंना बघायचंच होतं.

रणधीर हा येरमाळ्याच्या ज्ञानोबा बागायतदारांचा एकुलता एक. बापाच्या उसावर पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा 'अभ्यास' केलेला. सोमेशच्याच भरतीत तोही उतरला होता आणि धावतानाच बाहेर पडला होता. आता अंगाला हळद, मनगटाला महागडं घड्याळ आणि हातात लिंबू खोचलेला चाकू. हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंड हवं, नजर लागू नये म्हणून. घरातली जुनी कट्यार फोटोत गावठी दिसते, म्हणून साहेबांनी मित्रांच्या चाकूंच्याच जोडीचा चाकू स्वतःलाही मागवला होता.

"चाकू कुणी निवडले?"

"मीच. मोबाईलवर बघून. फॉरेनला नवरदेव मित्रांना असंच देतात. आपल्याकडं काय, टॉवेल-टोपी! जरा क्लास पाहिजे का नको?"

"सगळे एकसारखे?"

"दिसायला तर एकसारखेच."

"सोमेशशी वाकडं आहे तुमचं?"

"माझं न्हाय. त्याचंच. काल हळदीत गाडीवरनं तोंड सोडलं त्यानं. जळतंय त्याचं."

बाई सोमेशकडे वळल्या. "काय बोललास?"

"खरं त्येच बोललो, मॅडम. ह्यो रुसून बसला हुता, गाडीला वर काच न्हाय म्हणून. म्हणलं, लाज वाटू दे. फुकटची गाडी आन् वर नखरं."

"आणि चाकू?"

"खोलीत पलंगावर टाकला हुता. त्याचं करायचं काय? पेरू कापाय गेलो तर पेरू नुसता दबला. उघड्या डबीत तसाच ठिवला आन् जेवाय गेलो."

"खोलीत कोण कोण येत होतं?"

"सगळीच की. लग्नाचं घर."

तिकडे नवरदेव भावी सासऱ्याच्या कानाशी लागले होते. "मामा, असली गाडी दारात नको, अपशकुन असतोय. मुहूर्ताच्या आत दुसरी बघा. आणि बदलायचीच हाय तर सनरूफवाली बघा." रामकिसननी मान डोलावली आणि मुकाट्याने शोरूमला फोन लावला. मुलीचा बाप झाला की माणसाच्या मानेला फक्त खालीवर होता येतं, अशी त्यांची समजूत असावी.

बाईंनी ते ऐकलं. मग मंडपात बसलेल्या कडूबाईंपाशी गेल्या. या नवरदेवाच्या आत्या.

"आत्या, लिंबू कुणी खोचलं?"

"म्याच. मान माजाच हाय."

"कसं खोचलं?"

"कसं म्हंजी? देठाकडनं, सरळ. एका दमात."

"मग काढून परत घातलं?"

"छ्या! अक्षता पडंपतूर काढत न्हाईत. लई वंगाळ असतंय त्ये."

बाईंनी सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. नवरी निकिताही आली, हिरवा चुडा भरलेली. सोमेशचा चाकू बाईंनी रुमालात धरला आणि सीटच्या धड राहिलेल्या कोपऱ्यावर दाबून ओढला. रेक्झिनवर खळगा पडला, बाकी काही झालं नाही. डबीतले चारही चाकू आणवले. तीच गत.

"बघितलंत? मुठीला नक्षी, पात्याला धार नाही. जिवाभावाच्या मित्रांना निवडून निवडून पत्रा दिलाय. यांनी पेरू कापत नाही, सीट काय कापणार? म्हणजे सोमेशचा चाकू नंतर आणून टाकला. नाव दिसावं म्हणून."

"मग कापलं कशानं?" ज्ञानोबांनी विचारलं. "दुसरं हत्यार तर घावलं न्हाय."

"कारण शोधलंच नाही. इथं एक माणूस कालपासून उघडा चाकू हातात घेऊन मिरवतोय. झडती घेणाऱ्यांनीही त्याला सोडलं, कारण लिंबू लावलेलं लोखंड आपल्याला चाकू वाटतच नाही. नवरदेव, आणा इकडं."

"त्याला हात लावू नगा!" कडूबाई ओरडल्या.

रणधीरने हात मागे घेतला. हवालदाराने तो पुढे आणला. लिंबाला दोन चिरा होत्या. एक देठापाशी, कोरडी, रिकामी. दुसरी कुशीत, आणि पातं तिच्यात होतं.

"आत्यांनी देठाकडून घातलं होतं. म्हणजे मधे ते निघालं. कुणी काढलं, नवरदेव?"

"पडलं आसंल हातातनं."

"पडून लिंबू नवीन जागी खोचलं जात नाही." बाईंनी लिंबू उपसलं आणि पातं सीटवर टेकवलं. रेक्झिन लोण्यासारखं उघडलं. मग त्यांनी पात्याच्या बिजागरीत पिन फिरवली. पिवळ्या स्पंजचा कण आणि काळा धागा बाहेर आला.

"स्वतःसाठी तेवढा धारेचा निवडलात. पातं पुसलंत, बिजागरी राहिली. वर काच नसलेली गाडी खराब झाली की काचवाली मिळणार, आणि आळ सोमेशवर गेला की जी वर्दी तुम्हाला झेपली नाही ती त्यालाही मिळणार नाही. लई हुशारी केलीत. एवढी धावताना केली असतीत तर भरती झाला असतात."

रणधीरचं तोंड हळदीपेक्षा पिवळं पडलं. "मस्करी केली हुती," तो पुटपुटला.

ज्ञानोबांनी बाईंना बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. बाई हलल्या नाहीत, तेव्हा त्यांना सगळ्यांसमोरच बोलावं लागलं.

"मॅडम, शुभकार्य हाय. तक्रार सोमेशच्या नावानं लिवलेलीच हाय, तशीच ऱ्हाऊ द्या. गरिबाचं पोरगं हाय, आमी सांभाळू त्याला. मळ्यावर ठिवून घिऊ."

सोमेशने त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणापासून तो या माणसाला काका म्हणत आला होता.

"रामकिसनराव," बाई म्हणाल्या, "तक्रार तुमची आहे. तुम्हीच सांगा."

रामकिसननी मंडपाकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आचाऱ्यांच्या धुराकडे पाहिलं. "पंगती बसायच्या हायत, मॅडम," ते म्हणाले. "मिटवून टाका."

"पप्पा!" निकिता पुढे आली. "दुसऱ्याच्या पोराची नोकरी घालवून माझं लग्न लावताय?" रणधीरकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, फिर्याद मी देते. सीटा कुणी फाडल्या ती, आणि गाडी कुणी मागितली तीसुद्धा."

"विचार करून बोल, पोरी. हुंडा मागणं गुन्हा आहे, तसा देणंही गुन्हा आहे."

रामकिसन एकदम ताठ झाले. "निके, आगं म्या तुज्यासाठीच..."

"ठाऊक आहे, मॅडम," निकिता म्हणाली. "पप्पांचंही नाव लिहा."