वाघोबाच्या नावचा नारळ

श्रीखंडाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि स्नेहल आणखी खाली वाकली. आत ओलं शेवाळ होतं, थोडी माती होती. पण काल त्यावर ऐटीत सरपटणारी ती पिवळी, काळ्या रेघेची, फावड्यासारख्या डोक्याची फीत नव्हती. होता नुसता बुळबुळीत गोळा.

"गेली," ती म्हणाली.

ओंकार चहाचा कप घेऊन दारात उभा होता. कप तसाच हातात राहिला. काल तिन्हीसांजेला त्या डब्यात मीठ त्यानेच टाकलं होतं. भंडारदऱ्याच्या बाजूला जळू दिसली की मीठ टाकतात, त्यासाठी कुणी विचार करत बसत नाही. आणि आदल्याच दिवशी एका जळवेने स्नेहलची टाच रक्ताने माखवली होती. ते त्याला बघवलं नव्हतं.

स्नेहल राहात्याची. कॉलेजच्या अभ्यासासाठी जंगलातले असले फितीसारखे चपटे कृमी शोधत आली होती. राजूरच्या बाजारात तिची एसटी चुकली, ओंकारने मोटरसायकलवर आणलं, आणि पावसामुळे ती त्यांच्याच घरी उतरली.

"ती जळू न्हवती?" त्याने विचारलं.

"जळू रक्त पिते. ही गांडुळं खाते. तुमच्या रक्तात तिला काही रस नव्हता." ती हसायला गेली आणि डोळेच भरून आले. "असला रंग आमच्या सरांनीही पाहिलेला नाही. चूक माझीच. देवराईतून उचलून आणली."

"वाघोबाच्या राईतून वाळली काडी आनत न्हाई आमी, पोरी," ओंकारची आई मुक्ताबाई चुलीजवळून म्हणाली. "त्यानं त्याची वस्तू माघारी नेली."

ओंकारने आईचं बोलणं खोडलं नाही. आळ देवावर गेला, आणि क्षणभर त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याचीच त्याला लाज वाटली.

दुपारी स्नेहल वाघोबासाठी नारळ घेऊन निघाली.

"सोबत येता? की वाघोबाला घाबरता?"

"वाघोबाला न्हाई."

"मग कुणाला?"

तो पुढे चालू लागला.

राईच्या कडेला दोघांनी चपला काढल्या. पानांवरून पाणी टपटपत होतं. ती कुजकी लाकडं हलकेच उलटायची, खाली बघायची, परत होती तशी ठेवायची.

"आमच्या राहात्याला पेरूच्या बागेत असलं काही दिसायचं नाही."

"तिथं जळवा तरी न्हाईत."

"तुम्हीही नाही..." असं म्हणून ती एकदम दुसऱ्या लाकडाकडे वळली.

एरवी हे ऐकून ओंकारने गावभर उड्या मारल्या असत्या. पण त्याला मान वर करता येईना.

शेंदूर फासलेल्या वाघोबापुढे तिने हात जोडले. "चुकले, देवा. तुझी वस्तू—"

"थांबा," ओंकार म्हणाला. "देवाची माफी मागू नका. मीठ... मीठ मी टाकलं. मला जळूच वाटली. झाकन नीट बसलं न्हवतं. तुमच्या टाचेतनं परत रगत नको, म्हनून..."

तिचे जोडलेले हात खाली आले.

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"तुमी निघून जाल म्हनून."

"आणि देवाला पुढे केलंत? तो काही बोलत नाही म्हणून?"

"व्हय... लई लाज वाटती."

"वाटू दे."

ती रागावली होती, ते दिसत होतं. तरी नारळ तिने त्याच्याच हातात दिला.

"हा तुम्ही फोडायचा. आज नाही. तसली पिवळी पुन्हा दिसेल त्या दिवशी, इथेच. तोवर मी येत राहणार."

"आन न्हाईच दिसली तर?"

"मग काय... दर वर्षी यावं लागेल."

दर पावसाळ्यात ती आली. पुढे लग्न होऊन राहायलाच आली. तपकिरी दिसल्या, काळ्या दिसल्या, तसली पिवळी कधी दिसली नाही. लाकूड उलटण्याआधी ती मुद्दाम विचारायची, "मीठ आणलंय का हो?" आणि ओंकारचे कान दर वेळी तापायचे.

गेल्या उन्हाळ्यात स्नेहल आजारपणात गेली. यंदा पाऊस चांगला लागला आहे. कोनाड्यातल्या त्या नारळाचा आत सुकून गोटा झाला आहे, हलवला की खुळखुळतो. ओंकार अजून राईत गेलेला नाही. नारळ फोडायचा राहिला आहे.