लाल रेघेचा बोल्ट

"ही रेघ काल सरळ होती," भिंगरी म्हणाली. "पैजेवर सांगते."

होड्यांच्या शेडमध्ये, लाकडी घोड्यावर टांगलेल्या जुन्या मोटरीसमोर तिघं उकिडवी बसली होती. भिंगरी, तिचा धाकटा भाऊ मुंगळा आणि मामेभाऊ प्रोफेसर. ही नावं अर्थातच बारशाला ठेवलेली नव्हती. भिंगरी एका जागी बसत नसे, मुंगळा एकदा चिकटला की सुटत नसे आणि प्रोफेसरला कुणी न विचारता उत्तरं द्यायची खोड होती.

रेघ ही मुंगळ्याची कामगिरी. परवा त्याने मामीची लाल नेलपॉलिशची बाटली पळवून मोटरीला नटवायला घेतलं होतं. मोटरीच्या पायाचे तीन बोल्ट आधीच निघून डब्यात पडले होते, म्हणून ते वाचले. चौथा मात्र गंजून जागच्या जागी घट्ट बसला होता. त्याच्या डोक्यावरून थेट शेजारच्या धातूवर मुंगळ्याने एक झकास रेघ ओढली होती. आता ती मधोमध तुटली होती. धातूवरचा तुकडा होता तिथेच होता, बोल्टवरचा किंचित सरकला होता.

"याचा अर्थ बोल्ट फिरला," प्रोफेसर म्हणाला.

"आपोआप?" मुंगळ्याने विचारलं.

"आपोआप फक्त तुझं नाक वाहतं," भिंगरी म्हणाली. "कुणीतरी फिरवलाय. आणि तोही घट्ट होण्याच्या बाजूला."

पण कोण फिरवणार? घरात तर या मोटरीचं नाव काढायची चोरी झाली होती. मोटर आजोबांची. तिच्या जोरावर त्यांनी उभा जन्म माणसांना पलीकडच्या काठावर पोचवलं. मग त्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जोर लावायची कामं बंद केली आणि त्याच सुमारास मोटरही रुसली. तिच्या पायात पाण्याचा पंप असतो, त्याचं रबरी चाक झिजलं होतं. मामाने नवं चाक आणलं खरं, पण चौथा बोल्ट निघाल्याशिवाय पाय उघडेना. शेवटी मामाने जेवताना सांगून टाकलं, "रविवारी भंगारवाला येतोय. देऊन टाकू."

"द्या की," आजोबा म्हणाले. "मला काय करायचंय तिचं?" आणि अर्ध्या ताटावरून उठून गेले.

तेव्हापासून ते खिडकीत बसून नुसते पाण्याकडे बघत राहायचे. बापलेकांचं बोलणं मीठ दे, पाणी दे एवढ्यावर आलं होतं. भिंगरीला ते बघवत नव्हतं. या सुट्टीत आजोबा तिला होडीचं सुकाणू धरायला शिकवणार होते. तिला सुकाणूही हवं होतं आणि त्याहून जास्त ते पहिलेवाले आजोबा हवे होते.

"दुपारी पहारा," तिने हुकूम सोडला. "आणि मुंगळ्या, शिंक आली तर गिळायची."

दुपारी तिघं शेडमधल्या एका पालथ्या होडीखाली शिरली. आत डांबराचा वास आणि कोळ्यांची जाळी. मुंगळ्याचा पाय प्रोफेसरच्या पोटात होता, पण तक्रार करायची सोय नव्हती.

थोड्या वेळाने मामा आला. स्वतःच्याच शेडमध्ये असा चोरपावलांनी येणारा माणूस भिंगरीने पहिल्यांदाच पाहिला. दोनदा मागे वळून बघत तो खिडकीच्या बाजूला, बोल्टच्या अगदी समोर बसला. बोल्टच्या मुळाशी तेलाचे थेंब सोडले, हातोडीने हळूच टकटक केली, पाना चढवला आणि डावीकडे बेताने जोर दिला. बारीकशी कुरकुर ऐकू आली. मामा स्वतःशीच हसला, पाना खिळ्याला टांगला आणि कामावर निघून गेला.

"बाबा?" प्रोफेसरचा चष्मा नाकावर घसरला. "भंगारात द्यायची म्हणाले ना?"

"शू," भिंगरी म्हणाली. कारण आता चपला वाजत होत्या.

मामीने चादर पांघरून झोपवलेले आजोबा स्टूल घेऊन आत येत होते. त्यांचा गुडघा वाकत नसे आणि खिडकीकडच्या चिंचोळ्या जागेत स्टूल मावत नसे. म्हणून ते मोटरीच्या दुसऱ्या बाजूला बसले, हात मोटरीच्या पायाच्या पलीकडे घातला आणि चाचपडतच बोल्टला पाना लावला. ओढला. पुन्हा तीच कुरकुर.

"हललास की रे," आजोबा बोल्टला म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा खुशीत होता. "आता उद्या पान्याला लांब नळी अडकवतो आणि लावतो सगळा जोर. बघू कसा निघत नाहीस ते."

ते गेल्यावर तिघं बाहेर आली. रेघेचा बोल्टवरचा तुकडा पुन्हा घट्ट बाजूला जाऊन बसला होता.

"मामा सैल करतो आणि आजोबा आवळतात," भिंगरी म्हणाली. "पण आजोबा असं का करतील?"

"त्यांना पत्ताच नाही," प्रोफेसर म्हणाला. त्याने पाण्याची बाटली मुंगळ्यासमोर आडवी धरली, झाकण पलीकडे. "हात पलीकडे घाल आणि नेहमीसारखं फिरव." मुंगळ्याने फिरवलं. झाकण आणखीच घट्ट झालं. "बघ. मागून फिरवलं की सगळं उलट होतं. होडीवर हा बोल्ट आजोबांच्या तोंडासमोर असायचा. बाबांनी घोड्यावर मोटर उलट्या बाजूने टांगली आणि आजोबांचा हात चाललाय जुन्याच सवयीने."

"आणि उद्या नळी लावून आवळतील," भिंगरीचा चेहरा उतरला. "डोकं तुटेल बोल्टचं."

"मग आटे आत अडकतील आणि रविवारी भंगार."

"मामाला सांगून टाकू," मुंगळा म्हणाला.

"म्हणजे तो आजोबांना ओरडणार, जोर का लावलात म्हणून. आणि आजोबा पुन्हा खिडकीत," भिंगरी म्हणाली. ती रेघेवर वाकली. "प्रोफेसर, सकाळी रेघ केसाएवढीच सरकली होती. आता नखाएवढी सरकलीय. दोघांच्या ओढाताणीत बोल्ट जास्तच हलायला लागलाय."

प्रोफेसर चष्मा पुसायला लागला. मुंगळाच म्हणाला, "मामीचा खण अडकला की ती आधी आत ढकलते, मग ओढते."

दोघांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. भिंगरीने त्याच्या पाठीत कौतुकाचा एक धपका घातला.

दुसऱ्या दिवशी मामा शेडमध्ये शिरताच मुंगळा आजोबांच्या कानाशी लागला. "मामा कामावर गेलासुद्धा. शेड रिकामी आहे." धडधडीत थाप होती, पण आजोबा नळी घेऊन लगबगीने निघाले. दारातच थबकले. समोर मामा, हातात पाना.

"अण्णा, तुम्ही? झोपला होतात ना?"

"तू कामावर गेला होतास ना?"

मामाचं लक्ष नळीकडे गेलं. आजोबांनी ती पाठीमागे लपवली, पण ती डोक्याच्याही वर दिसत होती. दोघांची तोंडं चोरी पकडलेल्या मुंगळ्यासारखी झाली.

"मला सांगितलं का नाहीस?" आजोबांनी विचारलं.

"निघाला नसता तर? तुम्ही उगाच आशेला लागला असतात," मामा हळूच म्हणाला. "आणि तुम्ही?"

"तू म्हणाला असतास, म्हातारा ऐकत नाही." आजोबांनी नळी भिंतीला टेकवली. "मला वाटलं, तुला ती नकोशी झालीय."

आता वेळ दवडण्यात अर्थ नव्हता. भिंगरी होडीखालून बाहेर आली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. रेघ, बाटलीचं झाकण, मामीचा खण.  मग आजोबा पोट धरून हसायला लागले.

"म्हणजे मी रोज तुझ्या कष्टांवर पाणी ओतत होतो."

"ओतत होतात ते बरंच झालं," मामा म्हणाला. "बसा स्टुलावर. नळी राहू दे. तुम्ही जरासं आवळा, मग मी सोडतो."

आजोबांनी आवळलं, मामाने सोडलं. प्रोफेसर तेल घालत होता आणि भिंगरी रेघेवर डोळा ठेवून सांगत होती, "थोडं मागे. आता पुढे. अजून पुढे." कुरकुर वाढत गेली, तांबडा चुरा गळत राहिला. लाल रेघ अर्धा वेढा गेली, मग पुरा वेढा. आणि मग मामाने पाना बाजूला ठेवून बोल्ट चक्क बोटांनी काढला.

 मामाने तो पुढे केला आणि आजोबांनी ओंजळीत घेतला.

"ती माझी नेलपॉलिश का?" दारातून मामीचा आवाज आला. मुंगळा तत्परतेने होडीखाली गेला.

रविवारी भंगारवाला रिकाम्या हाताने परतला. नवं चाक घालून मोटर होडीवर बसली होती. मामी धरून सगळे काठावर जमले होते.

"बोल्ट काढला तो या तिघांनी," आजोबा म्हणाले. "आम्ही दोघं थोरले नुसतं एकमेकांचं काम बिघडवत होतो." त्यांनी तो गंजका बोल्ट मुंगळ्याच्या हातावर ठेवला. "आणि रंगारी हा. मामीच्या समोर सांगतो."

मग ते होडीत आपल्या जागेवर जाऊन बसले. मोटर चालू करायची दोरी त्यांनी हातात घेतली, क्षणभर धरली आणि मामाकडे दिली.

"ओढ तू. डॉक्टर माझ्यावर ओरडायला नकोत." त्यांनी शेजारची फळी थोपटली. "भिंगरे, इकडे ये. सुकाणू धर."