खालच्या खणातला फोटो

दार लोटून घ्या, पोरांनो, आणि जवळ सरका. ही ऐकीव गोष्ट नाही. आपल्या चौकातल्या घड्याळजीच्या बाबतीत घडलेली आहे. गेल्या सतरा जानेवारीला, शनिवारी, रात्री पावणेनऊला.

घड्याळजीला नाद एकच, कोळशाच्या इंजिनांचे जुने फोटो जमवायचा. त्याचा बाप इंजिन ड्रायव्हर. हा तीन महिन्यांचा असताना बॉयलर फुटून तो गेला. घरात बापाचा एकही फोटो नाही. आईला इंजिनाचा नंबर तेवढा पाठ, चोवीसशे नऊ. त्या नंबरापायी यानं तीस वर्षं रद्दीवाल्यांचे उंबरठे झिजवले. जोडीला जिवलग दोस्त, तिकीटबाबू. दर शनिवारी दोघं भिंग घेऊन बसायचे. "मिळेल रे, जातोय कुठे!" बाबू म्हणायचा.

त्या शनिवारी फोटोंचं नवं पाकीट हाती लागलं, ते दाखवायला घड्याळजी निघाला. बाबूचं दार उघडंच होतं. बाबू खुर्चीत. रस्त्यावरच्या दिव्याचा काय तो उजेड.

"अंधारात काय बसलायस रे?"

बाबूनं नुसतं बोट दाखवलं. कपाटाचा सगळ्यात खालचा खण.

घड्याळजीनं तो ओढला. आत एकच फोटो. इंजिनावर नंबर, चोवीसशे नऊ. पायरीवर एक तरुण ड्रायव्हर. नाक, भुवया... आरशात बघितल्यासारखं. मागे बापाचं नाव. खाली बाबूच्या अक्षरात फोटो मिळाल्याची तारीख.

सव्वीस वर्षांपूर्वीची.

"माझ्याबरोबर शोधत होतास ना तू?..."

खुर्चीतून अगदी बारीक आवाज.

"मिळाला असता... तर तू आला नसतास."

"आई गेली रे मधल्या काळात. तिला एकदा तरी..."

फोटो घेऊन तो निघाला. मागे वळून बघितलं नाही.

फाटकाशी गाडी थांबली. बाबूचा मुलगा उतरला. डोळे सुजलेले.

"काका, कळलं तुम्हाला? बाबा गेले. संध्याकाळी सहाला... दवाखान्यात."

मुलानं खिशातून किल्ली काढली. दाराशी गेला.

दाराला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी बाबूला खांदा द्यायला गेला नाही. मी रागावलो, तर म्हणाला, "जिवंतपणी तोंड उघडलं असतं, तर गेलो असतो."

पण त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. घरी येऊन त्यानं शर्ट काढला आणि बायको ओरडली. शर्टाच्या पाठीवर, बरोबर मधोमध, उघड्या पंजाचा काळा ठसा. कोळशाच्या भुकटीचा. बाबूनं जन्मभर तिकिटं दिली, कोळशाला कधी हात लावला नाही. शिवाय त्याचा पंजा एवढासा. हा चांगला रुंद...

पाठीवर थोपटताना उमटावा, तसा.

शर्ट तीनदा धुतला. ठसा अजून आहे.