उत्तरेची खिडकी

उनाच्या चित्रांखाली नावाच्या पट्ट्या लावायच्या, एवढंच काम होतं. रविवारी दुपारी मर्ल सदरलंड गावच्या चित्रदालनात आली, तेव्हा समितीचा अध्यक्ष कॉलिन बाहेर गवत कापत होता. दालन कसलं, मर्ल आणि तिची धाकटी बहीण उना यांचं व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लाकडी घरच ते. समितीने ते मधोमध करवतीने कापलं, दोन ट्रकवर लादलं आणि चाळीस किलोमीटरवर आणून इथे पुन्हा जोडलं.

"घर उलटं बसवलंत तुम्ही," मर्ल नेहमीसारखी कुरकुरली. "उत्तरेची खिडकी दक्षिणेला गेली. ऊन येणार कुठून?" इकडे दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडूनच यायचं.

"मग लोकांनी रस्त्यावरून घराची पाठ बघायची होय?" कॉलिन हसला. "आणि चित्रांना ऊन नसलेलंच बरं, बाईसाहेब."

ती आत गेली. घर देण्याच्या कागदावर सही तिचीच होती. उना तेव्हा खुबा मोडून डनीडन शहरातल्या इस्पितळात पडली होती. घर बरं आहे ना, असं रोज विचारायची, आणि मर्ल रोज सांगायची, जागेवर आहे. उना परतली तेव्हा जागेवर फक्त घराच्या पायाचे लाकडी खुंट उरले होते. ती त्यांतल्याच एकावर दिवसभर बसून राहिली. त्यानंतर बहिणीशी अवाक्षर बोलली नाही आणि त्याच हिवाळ्यात गेली. मर्लला स्वतःची किळस यायची. निदान या भिंतीवर उनाचं नाव राहावं, एवढ्यासाठी तिने समितीचे उंबरठे झिजवले होते.

बारा चित्रं, सगळी त्या उत्तरेच्या खिडकीत बसून काढलेली. नदी, पॉप्लरची झाडं, पिवळ्या गवताच्या टेकड्या. खोलीत जवसाच्या तेलाचा वास होता... ताजा. मर्लने एकेक करून सगळ्या पट्ट्या चिकटवल्या, मग मागे सरून पाहिलं.

पहिल्या चित्रात, पुढच्या गवतावर सावली पडली होती. छप्पर, दोन धुराडी. घराची सावली. सूर्य इकडे उत्तरेकडून जातो, सावली घराच्या मागे पडायची. त्या खिडकीतून ती दिसणं शक्यच नव्हतं.

तिने पिशवीतून त्याच चित्राचं छापील कार्ड काढलं. कार्डावर गवत लख्ख उन्हात होतं. भिंतीवर मात्र दुसऱ्या चित्रातही सावली होती, तिसऱ्यातही. आणि प्रत्येक सावलीच्या मधोमध उन्हाची एक सरळ फट होती, करवत फिरली होती तिथे.

"उना..." ती कुजबुजली. "चुकलं गं माझं. सही मी केली... आणि खोटंही मीच बोलले..."

बाहेर गवताचं यंत्र थांबलं. कॉलिन हात पुसत आत आला आणि पट्ट्या वाचू लागला.

"हे काय, उनाचं नाव कशाला घातलंस?"

"चित्रं तिची आहेत म्हणून. तुमच्याच समितीने ठरवलं ना?"

"काहीतरीच. उनाने कधी ब्रश हातात धरला होता? सही तर तुझी आहे. सगळ्यांवर."

मर्ल वाकली. कोपऱ्यात उनाच्या सहीच्या जागी तिची स्वतःची सही होती. घर देण्याच्या कागदावर केली होती तशीच, शेवटी खाली तिरकी रेघ ओढलेली. तिने अंगठ्याने ती जोरात पुसली. रंग ओला होता. अंगठा तपकिरी झाला आणि सही तशीच राहिली.

कॉलिनने तिच्या मागे उनाच्या नावाची एकेक पट्टी सोलायला सुरुवात केली होती.