किरणांतला लोबान

नारायणगावहून ओतूरला निघालेल्या जीपमध्ये शिफाच्या मांडीवर लेसरची पेटी होती आणि जीव मुठीत. पहिल्याच खड्ड्याला शेजारचा तरुण म्हणाला, ‘‘आणा हिकडं, आमी धरतो.’’ आणि गडी ओतूरपर्यंत पेटी अलगद हातांवर झेलत बसला. उतरल्यावर कळलं, ज्याच्या वर्कशॉपमध्ये जायचं, तो नौशाद हाच!

द्राक्षबागेच्या फवारणीसाठी त्यानं दोन वर्षं खपून एक नोझल घडवलं होतं. थेंब फार बारीक झाले की औषध वाऱ्यावर उडून जातं. म्हणून पुण्याच्या प्रयोगशाळेनं शिफाला थेंब मोजायला धाडलं होतं. दोन हिरवे किरण एकमेकांना छेदत, तिथून जाणारा प्रत्येक थेंब यंत्राच्या पडद्यावर आपला आकार नि वेग सांगून जाई. नौशाद मात्र किरणांपेक्षा तिच्याकडेच जास्त बघे.

‘‘मॅडम, माणसाच्या मनातलं दिसतं का ह्यात?’’

‘‘त्यासाठी ते किरणातून जावं लागतं...’’ ती हसू दाबत म्हणाली.

दोन दिवस आकडे झकास आले. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, शेवटची चाचणी. चारच्या एसटीनं ती निघणार होती. आणि नेमका आजच पडदा बारीक बारीक कणांनी भरून गेला. नोझल नापास! या माणसाची दोन वर्षं आपल्याच हातानं खोडायची?

‘‘लिवा मॅडम,’’ तो खाली बघत म्हणाला. ‘‘आमच्यासाठी खोटं लिवू नका.’’

तिचे डोळे भरून आले. तिनं खोल श्वास घेतला — आणि थबकली.

‘‘लोबान लावलाय?’’

‘‘दर जुम्मेरातला दुकानात फिरवतो की. आज जरा जास्तच... काल तुमी म्हनला व्हता ना, वास लई आवडतो...’’

‘‘अहो, मग यंत्र तुमचा धूर मोजतंय!’’

दोघांनी शटर वर सारलं, पंखे लावले. चारची एसटी गेली, तिनं वळूनही पाहिलं नाही. धूर विरला आणि नोझल पास झालं. नौशादचा चेहरा उजळला. पेटी बंद करताना त्याचा हात तिच्या हाताला लागला. त्यानं तो काढून घेतला नाही... तिनंही नाही.

‘‘तुमच्या मनातलं गेलं बरं किरणातून,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘आँ? मग... किती भरलं?’’

‘‘पडद्यावर मावत नव्हतं.’’